फादर स्टीफन्स यांना एका ओवीत कोंबू नका

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

मराठी भाषा गौरव दिनानिमित्त आपण काढलेली पुरवणी मी सवयीप्रमाणे पहिल्या पानापासून जाहिरातींसकट वाचून काढली. तीत एका चौकटीत फादर थॉमस स्टीफन्स यांची, रत्नांमध्ये जसा हिरा तशी भाषांमध्ये मराठी असे सांगणारी सुप्रसिद्ध ओवी छापली असून खाली 'पोर्तुगीज धर्मोपदेशक' अशी त्यांची ओळख करून दिली आहे. ही ओवी २७ फेब्रुवारीला कुठे ना कुठे छापून येतेच. फलकावर येते, भाषणात येते, आणि आता सकाळी सहा वाजल्यापासून मोबाइलवरही येते. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. मात्र ती लिहिणारा माणूस पोर्तुगीज नव्हता, इंग्रज होता, आणि ही चूक केवळ एका शब्दाची नाही, असे मला वाटत असल्याने हे पत्र जरा लांबणार आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

फादर स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यातल्या बुशटन या गावचा. ते तरुण झाले तेव्हा इंग्लंडमध्ये राणी एलिझाबेथचे राज्य होते आणि कॅथलिक असणे हाच मुळी संशयाचा विषय झाला होता. पुरोहित व्हायचे तर देश सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्यांच्यासोबत निघू पाहणारा थॉमस पाऊंड नावाचा मित्र निघण्यापूर्वीच पकडला गेला आणि त्याच्या आयुष्याची बरीच वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स मात्र रोमला पोचले आणि १५७५ मध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मप्रसारक संघात दाखल झाले. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून त्यांचे जहाज सुटले आणि २४ ऑक्टोबरला ते गोव्यास लागले. त्यानंतर ते मायदेशी कधीही परतले नाहीत, आणि परतण्याची सोयही राहिली नाही, कारण १५८५ च्या कायद्याने इंग्लंडच्या भूमीवर जेझुइट पुरोहिताने पाऊल ठेवणे हाच राजद्रोह ठरला. म्हणजे आपण ज्यांना पोर्तुगीज म्हणून मोकळे झालो, ते गृहस्थ स्वतःच्या देशाला नकोसे झालेले आणि पोर्तुगिजांच्या वसाहतीत परके असे दुहेरी उपरे होते. तेथे त्यांचे नावही बदलले. पोर्तुगीज कागदपत्रांत ते पाद्रे एस्तेव्हांव झाले.

गोव्यात उतरल्यावर अवघ्या दोन-अडीच आठवड्यांत, १० नोव्हेंबर १५७९ रोजी, त्यांनी वडिलांना एक लांबलचक पत्र लिहिले. ते पुढे इंग्लंडमध्ये छापले गेले म्हणून आपल्याला वाचायला मिळते. त्या पत्रात धर्माचा डांगोरा फारसा नाही. सहा महिन्यांच्या प्रवासात हिरड्या सुजून दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली, त्यांपैकी सत्तावीस दगावली आणि जहाजावरच्या लोकांना हा आकडा फार मोठा वाटला नाही, असे ते सांगतात. किनारा जवळ आल्याची खूण म्हणून समुद्रात पोहणारे साप दिसू लागले, हेही ते लिहितात. शेवटी शेवटी या देशातले पेय कोणते, तर पाणी, माडाची ताडी किंवा नारळाचे पाणी, अशी नोंद आहे. तिशीतला मुलगा घरी काय लिहील तेच त्यांनी लिहिले आहे. मी हे पत्र अनेक वर्षांपूर्वी इंग्रजीतून पहिल्यांदा वाचले तेव्हा मला सैन्यात भरती होऊन बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रातून दूर आसामात बदली झालेल्या माझ्या एका विद्यार्थ्याचे पोस्टकार्ड आठवले. त्यातही पाणी, जेवण आणि पाऊस एवढेच होते.

यानंतरची चाळीस वर्षे त्यांनी बहुतांशी गोव्यातल्या सासष्टीत काढली, आणि सासष्टी म्हणजे काय हे आपल्या वाचकांना ठाऊक असायला हवे. १५४३ मध्ये इब्राहिम आदिलशहाकडून सासष्टी आणि बारदेश हे दोन प्रांत पोर्तुगिजांकडे कायमचे गेले. पलीकडे विजापूरची आदिलशाही, अलीकडे पोर्तुगीज सत्ता, मध्ये नदी, आणि नदीकाठी राशोलचा, म्हणजे रायतूरचा किल्ला: अशी ती सरहद्द होती. आपले बेळगाव तेव्हा त्याच आदिलशाहीत होते. सोळाव्या शतकात सासष्टीतली देवळे पाडली गेली तेव्हा लोकांनी रातोरात देव उचलून नदीपलीकडे, आदिलशाही मुलखात नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. आज बेळगाव-खानापूरची कितीतरी घरे चोर्ला घाट उतरून ज्या ठिकाणी कुलदेवतेची ओटी भरायला जातात, ती ठिकाणे त्या सरहद्दीने ठरवलेली आहेत. देवांनाही स्थलांतर करावे लागले, त्याच काळात आणि त्याच भूमीत हा इंग्रज पाद्री स्थलांतर करून आला, हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे पुरवणीतली ती चौकट फारच सोपी वाटू लागते.

जुलै १५८३ मध्ये सासष्टीतील कुंकळ्ळी येथे जे घडले, ते वगळून फादर स्टीफन्स यांच्याविषयी लिहिणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. देवळे पाडल्यामुळे संतापलेल्या गावकऱ्यांनी तेथे चर्चसाठी जागा पाहायला आलेल्या पाच जेझुइटांना ठार केले. त्यांचे प्रमुख होते रुडॉल्फ आक्वाव्हिवा, जे नुकतेच अकबर बादशहाच्या दरबारातून परतले होते. त्यानंतर पोर्तुगिजांनी कुंकळ्ळीच्या गावकरी प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीसाठी म्हणून बोलावले आणि तेथे त्यांना ठार मारले. शब्द देऊन केलेला हा घात गोव्यात आजही विसरला गेलेला नाही. स्टीफन्स त्या वेळी सासष्टीतच होते. मारले गेलेले त्यांचे सहकारी होते. आणि ज्यांच्या देवळांवर घाला पडला, ते लोक त्यांच्या अवतीभवतीचे होते. त्यांनी कोणाची बाजू घेतली हे सांगण्याची गरज नाही. ते मिशनचे माणूस होते आणि मिशन पोर्तुगीज राजसत्तेच्या आधाराने चालत होते.

तरीही त्याच वर्षीच्या २४ ऑक्टोबरला, म्हणजे कुंकळ्ळीनंतर तीन महिन्यांनी, त्यांनी आपला भाऊ रिचर्ड याला लॅटिनमध्ये एक पत्र लिहिले आणि त्यात येथल्या भाषांविषयी काही ओळी घातल्या. येथल्या भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार गोड आहेत, त्यांची रचना लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे, असे ते म्हणतात. लिपीविषयी त्यांचे म्हणणे असे की येथे अक्षर म्हणजे शब्दाचा एक संपूर्ण अवयव, ज्याला इंग्रजीत सिलॅबल म्हणतात तो, असतो, आणि व्यंजनाला जितके स्वर जोडता येतील तितकी त्याची रूपे होतात. बाराखडी! पहिलीच्या वर्गात आम्ही जी गाण्यासारखी म्हणून घेतो, ती त्या माणसाने चौतीसाव्या वर्षी, रक्तपाताच्या बातम्यांच्या मध्ये, नव्याने शोधली होती. संस्कृत आणि युरोपीय भाषांचे नाते सांगणारे सर विल्यम जोन्स यांचे व्याख्यान कलकत्त्यात झाले ते १७८६ मध्ये, म्हणजे त्यानंतर दोनशे वर्षांनी.

आपल्या जिल्ह्याशी त्यांचा जो धागा जुळतो तो फारसा कोणी सांगत नाही, म्हणून तो सविस्तर सांगतो. १५८३ मध्ये जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स आणि जेम्स स्टोरी या चार इंग्रजांना इराणच्या आखातावरील हर्मुझ येथे पोर्तुगिजांनी हेर समजून पकडले आणि गोव्याला आणून तुरुंगात टाकले. न्यूबेरी आणि फिच व्यापारी, लीड्स जवाहिऱ्या आणि स्टोरी चित्रकार. इंग्रजी बोलणारा आणि पोर्तुगीज अधिकाऱ्यांकडे ज्याच्या शब्दाला वजन आहे असा माणूस गोव्यात एकच होता, तो सासष्टीचा पाद्री. फादर स्टीफन्स आणि त्यांचा एक फ्लेमिश सहकारी यांनी खटपट करून त्यांना जामिनावर सोडवले. ज्या इंग्लंडने आपल्याला परतीची वाट ठेवली नव्हती, त्या देशाच्या प्रॉटेस्टंट व्यापाऱ्यांसाठी हा कॅथलिक पाद्री मध्ये पडला. स्टोरी जेझुइटांकडे चर्चची चित्रे रंगवायला राहिला; बाकीचे तिघे काही महिन्यांनी जामीन बुडवून पळाले. फिच पुढे लंडनला परतला आणि त्याने जे प्रवासवर्णन लिहिले त्यात गोव्याहून पळाल्यानंतर वाटेत लागलेल्या पहिल्या गावांपैकी एकाचे नाव 'बेलेरगन' असे येते; तेथे हिरे, माणके आणि नीलमण्यांचा मोठा बाजार भरतो, असे तो लिहितो, आणि तेथून ते विजापूरला गेले. हे बेलेरगन म्हणजे आपले बेळगाव. घाट चढून आलेले ते घाबरलेले तीन इंग्रज येथल्या बाजारातून फिरले तेव्हा त्यांच्या मागे एका पाद्र्याने शब्द टाकलेला होता. हा प्रसंग बेळगावातल्या शहापूर किंवा नरगुंदकर भावे चौकाच्या इतिहासाविषयी लिहिणाऱ्या कुणीतरी जरूर रंगवावा. मला तेवढे लेखनकौशल्य नाही.

आता त्या ग्रंथाकडे येतो, ज्याच्यातून ती ओवी आली आहे. 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रथम छापले गेले. त्याच्या सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणे काढून घेतली गेली होती, त्यामुळे ती जागा भरून काढणारे दुसरे पुराण द्या, अशी मागणी त्यांच्यातूनच झाल्याचे खुद्द ग्रंथातच येते. ती मागणी ऐकून घेणारा आणि तिला ओवीत उत्तर देणारा माणूस ज्ञानेश्वरी-एकनाथांच्या वळणाची मराठी कोठून तरी शिकला होता. स्वर्गाला तो वैकुंठ म्हणतो. ज्या सत्तेने देवळे पाडली, त्या सत्तेच्या छत्राखाली वैकुंठ हा शब्द चर्चमध्ये गायला जाऊ लागला. यातली विसंगती माझ्यासारख्या शिक्षकाला सोडवता आलेली नाही आणि ती सोडवण्याची घाई पुरवणीनेही करू नये.

लिपीचा भाग तर आपण सीमाभागातल्या लोकांनी दोनदा वाचावा असा आहे. १६०८ मध्ये स्टीफन्स यांनी रोमला आपल्या संघाच्या प्रमुखांना पत्र लिहून, या देशाची पुस्तके याच देशाच्या लिपीत छापली जावीत अशी आपली अनेक वर्षांची इच्छा असल्याचे कळवले. ते प्रमुख क्लॉडिओ आक्वाव्हिवा, म्हणजे कुंकळ्ळीला मारल्या गेलेल्या रुडॉल्फचे चुलते. अडचण अशी होती की युरोपात छपाईच्या चोवीस खिळ्यांत काम भागते, येथे मात्र अक्षरे अवयवांची असल्याने सहाशेच्या घरात साचे ओतावे लागतील. ते कधी ओतले गेले नाहीत. परिणामी मराठीतले ते पुराण रोमन लिपीत छापले गेले आणि मराठीला हिरा म्हणणारी ती ओवी देवनागरीत नव्हे, रोमन अक्षरांत प्रसिद्ध झाली. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्याचे सांगितले जाते, त्यांपैकी एकही छापील प्रत आज हाती नाही. १९०७ मध्ये मंगळूरहून हस्तलिखितांवरून रोमन लिपीत आवृत्ती निघाली, लंडनमध्ये देवनागरी हस्तलिखित सापडले, आणि देवनागरी छापील आवृत्ती पुण्याहून निघायला १९५६ साल उजाडले. योगायोग असा की त्याच वर्षी भाषावार प्रांतरचनेत आपला जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे सोयीने गाळली जाते. क्रिस्तपुराण मराठीत आहे, पण त्याच लेखकाने लिहिलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये राशोल येथे छापले गेले आणि ते एखाद्या भारतीय भाषेचे पहिले छापील व्याकरण मानले जाते. त्याच्या पोर्तुगीज नावात कोकणीला 'कानारी' म्हटलेले आहे. म्हणजे मराठी, कोकणी आणि कानडी यांचा नावांचा गोंधळ चारशे वर्षे जुना आहे आणि त्याबद्दल आपण रोज सकाळी कोणा एकाला दोष देण्यात अर्थ नाही. क्रिस्तपुराणाच्या प्रस्तावनेतही ते मोकळेपणाने सांगतात की निव्वळ शुद्ध मराठी सर्वसाधारण लोकांना कळत नाही, म्हणून जुन्या कवींचे बरेच अवघड शब्द आपण टाळले आणि येथल्या बोलीतले सोपे शब्द मधूनमधून मिसळले. आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात बेळगावी मराठीत कानडी शब्द किती शिरले यावर दर महिन्याला वाद होतो. 'मराठी हिरा' म्हणणाऱ्याने स्वतःची मराठी मिश्र ठेवली होती आणि तसे लिहूनही ठेवले होते, हे त्या वादात उतरणाऱ्यांनी जरूर पाहावे. अर्थात पुढे १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढून लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे असे ठरवले. ज्या सत्तेने त्यांना आश्रय दिला, त्याच सत्तेने त्यांच्या चाळीस वर्षांच्या कामावर असे पाणी ओतले. १६१९ मध्येच वारल्यामुळे ते त्यांना पाहावे लागले नाही.

हे सगळे मी पुस्तकांतून सांगतो आहे, पण माझ्या मनात फादर स्टीफन्स यांचे चित्र पुस्तकातले नाही. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी मी खानापूर तालुक्यातल्या एका गावी शिक्षक असताना तेथल्या चर्चमध्ये मंगळूरकडचे एक तरुण फादर बदलून आले. त्यांना मराठी येत नव्हती आणि गावातल्या ख्रिस्ती घरांपैकी निम्मी घरे मराठीच बोलत. ते संध्याकाळी सायकलवरून माझ्या खोलीवर येत आणि दारात चपला काढून, 'गुरुजी, आज कोणता धडा?' असे विचारत. घरी कोकणी बोलणारे असल्याने त्यांना शब्द पटकन समजत, पण तरुण मुलीचा उल्लेख नपुंसकलिंगात करण्याची मंगळुरी सवय जाता जाईना. आमच्या शाळेच्या नव्या बाईंविषयी ते प्रवचनात 'ते शिक्षिका आले' असे म्हणाले आणि पुढच्या बाकांवरच्या पोरांना हसू आवरेना, फादरही हसले. त्यांच्या वहीत मराठी शब्दांची यादी असे, आणि ती यादी कन्नड लिपीत लिहिलेली असे. मी एकदा जरा नाराजीने विचारले तेव्हा ते म्हणाले, 'आमच्याकडे कोकणी याच लिपीत लिहितात, माझा हात याच लिपीत चालतो.' पुढे चार-पाच महिन्यांनी देवनागरीची पाटी घोटून त्यांनी पहिले निमंत्रणपत्र स्वतः लिहून आणले, तपासायला. त्यात 'ळ' आणि 'ल' एकच झाले होते, आणि मी त्यावर लाल शाईने खूण केली नाही.

त्यांना मी त्या काळी क्रिस्तपुराणाविषयी सांगितले तेव्हा त्यांनी ते आजीकडून ऐकल्याचे सांगितले. लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासाच्या दिवसांत घरी त्यातल्या ओव्या म्हटल्या जात असत, असे तिचे म्हणणे होते. ज्या ग्रंथाच्या एका ओवीवर आम्ही मराठी शाळांत भाषणे करतो, तो ग्रंथ त्यांच्याकडे तोंडपाठ होता, आणि दोघांनाही दुसऱ्याकडे काय आहे ते ठाऊक नव्हते.

म्हणून आपल्याला दोन विनंत्या आहेत. पहिली अशी की पुढच्या अंकात 'पोर्तुगीज' च्या जागी 'इंग्रज' अशी दुरुस्ती छापावी; ती आतल्या पानावर चार ओळींत आली तरी माझे समाधान होईल. दुसरी विनंती अशी की पुढील वर्षीच्या पुरवणीत ती ओवी नेहमीप्रमाणे जरूर छापावी, परंतु तिच्यासोबत एक पान फादर स्टीफन्स यांच्या आयुष्याला द्यावे आणि त्यात कुंकळ्ळीही यावी, बेलेरगनचा बाजारही यावा आणि सहाशे साच्यांची ती न पुरी झालेली इच्छाही यावी. लिहायला आपल्या शहरात जाणती माणसे आहेत. १९५६ ची देवनागरी आवृत्ती कोणाला लागल्यास माझ्याजवळ आहे. बांधणी सुटली आहे आणि 'पहिले पुराण' या त्याच्या पहिल्या भागाची काही पाने वाळवीने खाल्ली आहेत, तेवढे सांभाळून वापरावी लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपला एक जुना वाचक,
निवृत्त मराठी शिक्षक, ता. खानापूर, जि. बेळगाव